पट्ट्याची कुरकुर

थंडीतल्या सकाळी गाडी सुरू केली की कधी कधी बॉनेटखालून एक लांबलचक किंचाळी येते. पाच-दहा सेकंदांत ती विरते. आत बसलेला माणूस गाण्यांचा आवाज थोडा वाढवतो आणि ऑफिसला निघतो. महिन्याभरानं तीच किंचाळी मिनिटभर टिकते. मग गॅरेज. मग 'पट्टा बदला'. आठवड्यानं परत तोच आवाज. मग 'टेन्शनर बदला', मग 'अल्टरनेटर उघडून बघावा लागेल'. प्रत्येक वेळी बिल वेगळं, आवाज मात्र तोच.

गाडीला सुपरचार्जर असेल तर हे प्रकरण आणखी अवघड होतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद, असा साधा हिशोब. टर्बोचार्जर हेच काम बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर करतो. सुपरचार्जर मात्र थेट क्रँकशाफ्टकडून ताकद घेतो, आणि आजच्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा ती पट्ट्यावरून घेतो. म्हणजे आधीच गुणगुणणारा एक पंप, त्याला ओढणारा ताणलेला पट्टा, आणि त्याच पट्ट्याच्या वाटेवर चार-पाच पुल्या. यातलं नक्की कोण ओरडतंय?

हा प्रश्न आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. पट्ट्यांचा इतिहास जसजसा पुढे सरकला, तसतशी पट्ट्यांची कार्यक्षमता वाढली आणि आवाज नेमका कुठून येतो हे ओळखण्याची सोय कमी होत गेली. म्हणून आजच्या मेकॅनिकचा कान त्याच्या आजोबांच्या कानापेक्षा तिखट असावा लागतो.

शांततेसाठी आलेला पट्टा

गंमत म्हणजे यंत्रांच्या दुनियेत चामड्याचा पट्टा मोठा झाला तो शांत म्हणून. सुरुवातीच्या कापड गिरण्यांत पाणचक्कीची ताकद वरच्या मजल्यांपर्यंत न्यायला दातेरी चाकं आणि उभे शाफ्ट वापरत. त्यांचा खडखडाट प्रचंड, आणि वेग वाढवला की धक्केही वाढत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावात १८२८ साली पॉल मूडी या यंत्रतज्ज्ञानं ॲपलटन गिरणीत मुख्य ताकद दातेरी चाकांऐवजी चामड्याच्या पट्ट्यांवरून नेली. पट्टा धक्के गिळतो, त्यामुळे गिरण्या जास्त वेगानं आणि कमी खडखडाटात चालू लागल्या.

पुढची साठ-सत्तर वर्षं कारखान्याची रचना साधारण एकाच साच्यातली होती. तळाशी एक मोठं इंजिन. छताला टांगलेला, दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा फिरता शाफ्ट. आणि त्याच्यावरून खाली प्रत्येक यंत्राकडे उतरणारा एकेक पट्टा. प्रत्येक यंत्रापाशी दोन पुल्या शेजारी शेजारी असत. एक यंत्राला घट्ट बसवलेली, दुसरी नुसतीच मोकळी फिरणारी. दांडीनं पट्टा घट्ट पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकवला की तेवढं एक यंत्र थांबे, बाकीचं दालन चालू राही.

ही मोकळी पुली माझी फार लाडकी आहे. मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलेल्या असंख्य पोरांपैकी मी एक. आमच्या धंद्यात बिघाड शोधायची पहिली पायरी हीच असते. सगळी व्यवस्था बंद न पाडता एक भाग बाजूला काढा आणि लक्षण जातं का पाहा. गिरणीत ही सोय रचनेतच होती. करकर ऐकू आली की एकेक पट्टा मोकळ्या पुलीवर न्यायचा. ज्याच्या सरकण्यानं करकर थांबली, तो गुन्हेगार.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली, आणि दोन वर्षांत ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. तिच्यामागून परळ-लालबागच्या परिसरात हीच दुनिया उभी राहिली. पट्टे शांत होते, पण गरीब नव्हते. धोतराचा सोगा, पदर, मोकळे केस किंवा एखादं बोट पट्टा आणि पुलीच्या मध्ये सापडलं तर सुटका नसे. इंग्लंडात १८४४ च्या कारखाना कायद्यानं फिरत्या यंत्रणेला कुंपण घालणं सक्तीचं केलं. हिंदुस्थानातल्या पहिल्या, १८८१ च्या कायद्यातही धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. पण बोटं गेलेल्या माणसाचं पुढे काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना एकत्र करून जे निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांची नावं होती. रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक असते. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: काम करताना दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटाची सोय व्हावी.

चालत्या पट्ट्याला हात लावायचा नाही, हा नियम आज प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये एका ओळीत छापलेला असतो. त्या ओळीमागे एवढा इतिहास आहे. बिघाड कानानं शोधायचा, बोटांनी नाही, हे शहाणपण फार महागात मिळालेलं आहे.

त्याच काळातली आणखी एक सवय आजवर टिकून आहे. पट्टा घसरू लागला, किंचाळू लागला, की त्यावर राळ चोळायची. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी: पकड वाढावी म्हणून. गंमत अशी की सारंगीचा सूर आणि पट्ट्याची किंचाळी यांचा जन्म एकाच पद्धतीनं होतो. पृष्ठभाग क्षणभर चिकटतो, ताण वाढला की सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा हे घडलं की त्याचा सूर होतो. राळ चोळल्यावर तो सूर बंद होई. पण पट्टा सैल का झाला होता, याचं उत्तर राळ देत नसे.

टोपी उडवणारे दोन भाऊ

सुपरचार्जरची गोष्टही एका गिरणीतच सुरू होते. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीची पाणचक्की सुधारावी म्हणून त्यांनी एका पेटीत एकमेकांत गुंतून उलट दिशांना फिरणारे दोन लाकडी रोटर बसवले. पाण्यानं लाकूड फुगलं आणि ते अडकू लागले. दुरुस्तीनंतर यंत्र कोरडं फिरवून पाहताना त्यातून इतकी जोरात हवा आली की जवळच्या माणसाची टोपी उडाली, अशी कथा सांगतात. कथेचं काय व्हायचं ते होवो, १८६० साली त्यांनी पेटंट घेतलं आणि त्यांचे ब्लोअर ओतकामाच्या भट्ट्यांना हवा पुरवू लागले.

इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबायची कल्पना गॉटलीब डाइमलरच्या १८८५ च्या जर्मन पेटंटमध्ये सापडते. पण ती रस्त्यावर विकत मिळायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजनं रूट्स पद्धतीचा 'कोम्प्रेसर' बसवलेल्या गाड्या मांडल्या. हा पंप कायम चालत नसे. ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला की क्लच जोडला जाई, पंप फिरू लागे आणि गाडी अक्षरशः किंकाळी फोडे. त्या काळच्या चालकाला आवाजाचं निदान फार सोपं होतं. पाय दाबला की आवाज, पाय उचलला की शांतता. गिरणीतली मोकळी पुली इथे क्लचच्या रूपात शाबूत होती.

इंग्लंडात १९२९ साली सर हेन्री 'टिम' बर्किन यांच्या हट्टापायी साडेचार लिटरच्या बेंटलीला ॲमहर्स्ट व्हिलिअर्सनं बनवलेला सुपरचार्जर लागला. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ती कल्पना पसंत नव्हती. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, असं त्यांचं मत. त्या गाडीचा ब्लोअर रेडिएटरच्या पुढे, क्रँकशाफ्टच्या टोकालाच जोडलेला दिसतो. १९३० साली फ्रान्समध्ये पो इथल्या ग्रां प्रीत बर्किन या अवाढव्य गाडीसह दुसरे आले.

या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट समान आहे: पट्टा नाही. पंप थेट क्रँकशाफ्टला किंवा गिअरला जोडलेला. म्हणजे आवाज आला तर तो गिअरचा, बेअरिंगचा किंवा हवेचा. संशयित कमी.

व्ही पट्टा आणि मोकळी बाजारपेठ

१९१७ साली डेन्व्हरमध्ये जॉन गेट्स यांनी रबर आणि कापडाचा, व्ही अक्षराच्या आकाराचा पट्टा बनवला. चपटा पट्टा पुलीवर नुसता टेकतो. हा मात्र खाचेत पाचरीसारखा रुततो, त्यामुळे कमी जागेत जास्त पकड मिळते. मोटारींचे पंखे, डायनमो, पाण्याचे पंप हळूहळू या पट्ट्यावर आले.

सुपरचार्जरसाठी याचा अर्थ मोठा होता. गिअरनं जोडायचा तर पंप इंजिनाबरोबरच आखावा लागतो. पट्ट्यानं जोडायचा तर तो नंतरही बसवता येतो. १९३७ च्या सुमारास रॉबर्ट मॅककलक यांनी फोर्ड व्ही ८ साठी असा बाहेरून बसवायचा सुपरचार्जर विकायला काढला. (पुढे लंडनचा जुना पूल विकत घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात उभारणारे ते हेच.) १९५० च्या दशकात त्यांच्या कंपनीच्या सुपरचार्जरमध्ये पुलीचे दोन अर्धे भाग जवळ-लांब सरकत आणि त्यामुळे पंपाचा वेग बदलत असे. १९५४ ची कायझर मॅनहॅटन आणि १९५७ ची स्टुडबेकर गोल्डन हॉक या गाड्यांवर तो कारखान्यातूनच बसून येई.

त्याच वेळी कॅलिफोर्नियातल्या शर्यतवेड्या पोरांना दुसराच खजिना सापडला होता. जनरल मोटर्सच्या ६-७१ या डिझेल इंजिनावर रूट्स पद्धतीचा भला मोठा ब्लोअर असे. हे इंजिन टू-स्ट्रोक, त्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, म्हणून तो लागेच. ट्रक आणि बसच्या भंगारातून हे ब्लोअर स्वस्तात मिळत. पोरांनी ते काढून व्ही ८ इंजिनांच्या डोक्यावर बसवले. एवढी ताकद ओढायला साधे व्ही पट्टे पुरेनात, घसरायचे. मग आला दातेरी पट्टा, जो मुळात १९४० च्या दशकात शिलाई मशीनमधल्या हालचाली एकमेकींशी जुळवून ठेवण्यासाठी तयार झाला होता. दातेरी पट्टा घसरत नाही, म्हणून किंचाळतही नाही. पण त्याचा प्रत्येक दात खाचेत बसताना मधली हवा झटक्यानं बाहेर फेकतो, आणि त्याची एक अखंड, चिरकी शिट्टी होते. आवाज गेला नाही, फक्त त्याची जात बदलली.

या काळातल्या इंजिनांकडे पाहिलं तर दोन-तीन वेगवेगळे पट्टे दिसतात. एक पंखा आणि पाण्याच्या पंपाचा, एक पॉवर स्टीअरिंगचा, एक सुपरचार्जरचा. आवाज आला की इंजिन बंद करायचं, एक पट्टा उतरवायचा, क्षणभर इंजिन चालवून ऐकायचं. गिरणीची युक्ती अजून चालत होती.

एकच पट्टा, सगळ्यांसाठी

१९७९ च्या फोर्ड मस्टँगनं हे चित्र बदललं. अनेक पट्ट्यांच्या जागी आला एकच लांब, पातळ, आतून उभ्या रेघा असलेला पट्टा. तो सापासारखा वळणं घेत सगळ्या पुल्यांवरून जातो, कुठे पोटानं, कुठे पाठीनं. स्प्रिंगचा टेन्शनर त्याचा ताण आपोआप सांभाळतो. जागा वाचली, वजन वाचलं, दर काही महिन्यांनी पट्टा ओढून घट्ट करायची कटकट गेली.

पण मोकळी पुलीही गेली. आता एका बेअरिंगची थरथर पट्ट्यावरून सगळीकडे पोचते. टेन्शनर डळमळला तर किंचाळी अल्टरनेटरपाशी ऐकू येते. आणि पट्टा तुटला तर सगळंच थांबतं: चार्जिंग, स्टीअरिंगची मदत, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपसुद्धा.

नेमक्या याच जमान्यात सुपरचार्जर परत आला. १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपवर ईटन कंपनीचा एम ९० बसला. ९० म्हणजे दर फेरीला ९० घन इंच, जवळपास दीड लिटर हवा. मग जनरल मोटर्सच्या ३८०० व्ही ६ वर, मर्सिडीजच्या 'कोम्प्रेसर' गाड्यांवर, २००१ नंतर मिनी कूपर एसवर. २००० च्या दशकात पुण्यात जुळणी होणाऱ्या सी क्लासच्या पाठीवर सी २०० कोम्प्रेसर अशी अक्षरं झळकली, तेव्हा १९२१ चा तो जर्मन शब्द पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर आला.

सुपरचार्जर हे पट्ट्यासाठी जड ओझं आहे, आणि ते झटक्यात येतं. इथे थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात पाठ केलेलं ते समीकरण उपयोगी पडतं. अठराव्या शतकात लिओनहार्ड ऑयलरनं मांडलेला नियम असा: पट्ट्याच्या घट्ट आणि सैल बाजूंच्या ताणात घसरण्याआधी किती फरक पेलला जाईल, हे घर्षणावर आणि पट्टा पुलीला किती अंश वेढतो यावर ठरतं. पुलीच्या मापाचा यात थेट संबंध नाही. आणि वेढा कमी झाला की पकड घातांकी वेगानं घटते. समजा घर्षणाचा गुणांक ०.५ आहे. पट्टा पुलीला १८० अंश वेढत असेल तर ताणांचं गुणोत्तर ४.८ पर्यंत जाऊ शकतं. वेढा १२० अंशांवर आला तर ते २.८५ वरच अडतं.

म्हणून जास्त ताकदीच्या हौसेपायी सुपरचार्जरला छोटी पुली बसवली की किंचाळी सुरू होते. छोटी पुली पंप जास्त वेगानं फिरवते, म्हणजे ओझं वाढवते. त्याच वेळी वेढा कमी होऊ शकतो, आणि पट्टा तोच ठेवला तर टेन्शनरला जास्त सरकावं लागून ताणही घटतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं बिघडतात.

आवाजांची बाराखडी

१८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मेकॅनिकांनी त्याच्या टोकाला लोखंडी सळई लावून तो आपलासा केला. नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानामागच्या हाडावर. अट एकच: टोक फक्त स्थिर भागावर टेकवायचं, फिरत्या भागाजवळ न्यायचं नाही. ओढणी, मफलर, गळ्यातली दोरी, सैल बाही आधी दूर.

सुपरचार्जरच्या इंजिनात ऐकू येणाऱ्या आवाजांना मराठीत फार नेमके शब्द आहेत. तेच वापरू.

चिवचिव. तुटक, तालात येणारी, बहुधा आयडलिंगला स्पष्ट. पट्टा एखाद्या पुलीत तिरका शिरतोय. चूक एका अंशाहून कमी असली तरी पुरते.

किंचाळी. लांब, सलग, ओझं वाढलं की वाढणारी. पट्टा घसरतोय. ताण कमी, पट्टा झिजलेला, त्यावर तेल किंवा कूलंट सांडलेलं, किंवा एखादी पुली जाम होत चाललेली.

या दोघींना वेगळं करायला पाण्याची फवारणीची बाटली पुरते. इंजिन चालू असताना हात लांब ठेवून पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर हलका फवारा मारायचा. आवाज थोडा वेळ बंद पडून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर पट्टा घसरतोय. काहीच फरक पडला नाही तर पट्टा बहुधा निर्दोष आहे, संशय बेअरिंगवर न्यायचा.

घरघर. पाण्यानं न बदलणारी, वेगाबरोबर चढणारी. बेअरिंग. इंजिन बंद करून, किल्ली काढून पट्टा उतरवायचा आणि प्रत्येक पुली हातानं फिरवायची. चांगली पुली गुळगुळीत फिरते, वाईट पुली बोटांना खरखर सांगते.

खुळखुळ. डब्यात खडे हलवल्यासारखी. फक्त आयडलिंगला येते, ॲक्सिलरेटर जरा दाबला की नाहीशी होते. ईटनच्या सुपरचार्जरमध्ये पुलीचा दांडा आणि आतले गिअर यांच्यामध्ये धक्के गिळणारा एक छोटा कपलर असतो. तो झिजला की भोकं सैल होतात. आयडलिंगला इंजिनाची ताकद झटक्याझटक्यानं येते आणि रोटरवर ओझं नसतं, म्हणून कपलर पुढे-मागे आपटतो. ओझं आलं की तो एकाच बाजूला दाबून राहतो आणि गप्प होतो. जनरल मोटर्सच्या ३८०० इंजिनाची जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हा आवाज चांगला परिचयाचा आहे. तो ऐकून अख्खा सुपरचार्जर बदलणं म्हणजे बिजागरी वाजते म्हणून दार बदलणं.

गुणगुण. वेगाबरोबर सुरेल चढत जाणारी. हा आजार नव्हे, हा सुपरचार्जरचा आवाजच. हिशोब करून पाहा. तीन-तीन पाकळ्यांचे दोन रोटर दर फेरीला हवेचे सहा झोत सोडतात. पुल्यांचं प्रमाण दुपटीचं धरलं, तर ६००० आरपीएमला रोटर १२००० वर, म्हणजे सेकंदाला २०० फेऱ्या. सहानं गुणा: १२०० हर्ट्झ. आयडलिंगला ७५० आरपीएमवर हाच सूर १५० हर्ट्झचा.

हा हिशोब चिवचिव ऐकतानाही कामाला येतो. समजा क्रँकची पुली १४ सेंटीमीटर व्यासाची आहे, पट्टा १४० सेंटीमीटर लांब. ७५० आरपीएमला क्रँक सेकंदाला साडेबारा फेऱ्या घेते आणि पट्टा साडेपाच मीटर सरकतो. म्हणजे पट्ट्यावरचा एखादा ठरावीक बिंदू सेकंदाला साधारण चार वेळा परत येतो, तर ७ सेंटीमीटरची आयडलर पुली पंचवीस वेळा फिरते. 'चिक-चिक-चिक-चिक' असा सेकंदाला चारचा ठेका मोजता आला, तर दोष पट्ट्याच्या एका जागी आहे. मोजताच येत नाही इतका जलद असेल, तर पुलीकडे पाहा. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून सावकाश ऐकलं तर हे कोणालाही जमतं.

आणखी एक छुपा गुन्हेगार: खुद्द क्रँकची पुली. तिच्यात आतला गाभा आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. ते सुटलं की कडी डगमगते, घसरते, आणि पट्टा इतरत्र ओरडतो. सुपरचार्जरवाल्या जुन्या मिनी कूपर एसमध्ये हे आवर्जून तपासतात. युक्ती साधी आहे. गाडी बंद असताना गाभ्यापासून कडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची आणि काही दिवस गाडी चालवायची. रेघ तुटली असेल तर कडी सरकली.

त्याच मिनीत पट्टा काढून इंजिन चालवून ऐकण्याआधी दोनदा विचार करावा लागतो. तिचा पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच दांड्यावर फिरतो. पट्टा नाही म्हणजे पाणी नाही. काही सेकंद ऐका आणि बंद करा. ज्या इंजिनात सुपरचार्जरचा पट्टा वेगळा असतो, तिथे ही परीक्षा जरा निवांत करता येते. क्लच असलेले सुपरचार्जर त्याहून सोयीचे. २००५ साली फोक्सवॅगननं सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही असलेलं १.४ लिटरचं इंजिन आणलं. त्यात सुपरचार्जर साधारण ३५०० आरपीएमच्या वर कधीच जोडलेला नसे. त्याहून वर येणारा आवाज सुपरचार्जरच्या रोटरचा असूच शकत नाही.

गप्प पट्टा

जुन्या रबराचे पट्टे वय झालं की तडकायचे. बॉनेट उघडून तडे मोजले की कळायचं. २००० च्या आसपास कंपन्यांनी ईपीडीएम नावाचं रबर आणलं, जे उष्णता सोसतं आणि सहसा तडकत नाही. ते टायरसारखं झिजतं. रेघांमधल्या खाचा खोल होत जातात आणि पट्टा वरून नवा दिसत राहतो. अशा पट्ट्याकडे बघून काही कळत नाही. खाचेत बसवायचं प्लॅस्टिकचं माप तरी लागतं, नाहीतर कान.

आणि नेमक्या या काळात दुकानात राळेची आधुनिक भावंडं डब्यांतून मिळतात. पट्ट्यावर मारा, आवाज बंद. पट्टे बनवणाऱ्या कंपन्या स्वतः सांगतात की हे मारू नका. चिकट थरावर धूळ बसते, आणि जाम होत आलेली पुली किंवा थकलेला टेन्शनर तसाच राहतो. आमच्या धंद्यात रात्री दोन वाजता वाजणारा अलर्ट म्यूट करण्याइतकंच हे सोपं आहे, आणि परिणामही तोच: पुढच्या वेळी तो वाजत नाही, थेट सगळं बंद पडतं. गाडीत हे घाटात, पावसात, स्टीअरिंग अचानक जड होऊन घडतं.

सुपरचार्जर आता मावळतीला आहे. मिनी २००६ नंतर टर्बोकडे वळली, मर्सिडीजच्या चार सिलिंडरच्या इंजिनांवरून कोम्प्रेसर हा शब्द उतरला. २०१६ च्या ऑडी एसक्यू ७ मध्ये तर हवेचा एक पंप विजेच्या मोटरवर फिरू लागला, तिथे पट्टाच नाही. रस्त्यावर उरलेल्या सुपरचार्जरच्या गाड्या मात्र दरवर्षी आणखी जुन्या होत आहेत. त्यांचे सुटे भाग महाग होत आहेत आणि त्यांचे आवाज ओळखणारे कान निवृत्त होत आहेत. अशा वेळी अंदाजानं एकेक भाग बदलत जाणं कोणालाच परवडत नाही. पाण्याचा एक फवारा, रंगाची एक रेघ आणि मोजलेला ठेका यांना मिळून दहा रुपयेही लागत नाहीत. पहिलं बिल त्यांच्यानंतर यायला हवं.